वर विचारून सांगतो

शेखर भोईटे भला माणूस आहे, असं कंपनीत सगळेच म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. चाकणला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत तो असेंब्ली विभागाचा प्रमुख होता. पोरांवर कधी आवाज चढवत नसे. कुणाचा डबा आला नसेल तर आपल्यातली भाकरी पुढे सरकवायचा. कुणी काही मागितलं तर तोंडावर 'नाही' म्हणणं मात्र त्याच्या जिवावर यायचं. "वर विचारून सांगतो," म्हणायचा. वर म्हणजे लोखंडी जिना चढून गेल्यावर लागणाऱ्या काचेच्या केबिनमध्ये. तिथे प्लांट हेड दिग्विजय सर बसत.

रणजीत घोळवे हा त्याच्या हाताखालचा इंजिनिअर. बीडकडचा पोरगा, डिप्लोमा करून ट्रेनी म्हणून आला आणि कामाच्या जोरावर स्टाफमध्ये घेतला गेला. त्या दिवशी त्याने अख्ख्या लाइनला पेढे वाटले होते. स्टाफमध्ये गेलं की युनियनच्या बाहेर गेलं, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नसावं. कामगारांच्या रजांसाठी युनियन कंपनीशी भांडायची. स्टाफसाठी भांडणारं कुणी नव्हतं. हक्काच्या रजा होत्या, कागदोपत्री भरपूर होत्या, पण त्या कधी घ्यायच्या हे कंपनी ठरवायची. वर्षातून एकदा-दोनदा प्लांट बंद ठेवायचे, त्यात स्टाफच्या रजा परस्पर कापल्या जायच्या. उरल्यासुरल्या रजांना विभागप्रमुखाची, म्हणजे शेखरची, मंजुरी लागे.

रणजीतने त्या वर्षी एकही रजा घेतली नव्हती. गावची जत्रा सोडली, चुलतभावाचं लग्न सोडलं. बायकोला, दिपालीला, दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती माणला गेली होती. तिचे वडील सयाजीराव माणचे जुने रहिवासी. शेतं आयटी पार्कात गेली, आलेल्या पैशात त्यांनी बंगला बांधला, मागे भाड्याच्या खोल्या काढल्या. जावई इंजिनिअर आहे याचं त्यांना कौतुक होतं, आणि जावई भाड्याच्या एका खोलीत राहतो याची थोडी खंतही. "नोकरी सोडा अन् हितं या, खोल्यांचं समदं बघा," असं ते अधूनमधून म्हणत. रणजीत हसून विषय बदलायचा.

एका मोठ्या गिऱ्हाईक कंपनीचे लोक ऑडिटला यायचे होते. त्याच्या आधीच्या आठवड्यात रणजीत शेखरच्या टेबलापाशी आला.

"सर, डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यातली तारीख दिलीय. थोडी रजा मिळाली तर बरं होईल."

"अरे, पण ऑडिट..."

"माहितीये सर. म्हणून तर आधी विचारतोय. माझ्या जागी लाइनवरचा खंडू उभा राहील. त्याला मी सगळं शिकवून ठेवलंय."

"थांब. वर विचारून सांगतो."

शेखर खरंच उठला. जिन्यापर्यंत गेला, अर्ध्या पायऱ्या चढलासुद्धा. काचेतून दिग्विजय सर दिसत होते. फोनवर कुणावर तरी ओरडत होते, मोकळा हात टेबलावर आपटत होते. शेखर कठड्याला धरून उभा राहिला. त्याचं स्वतःचं प्रमोशन त्या वर्षी अडलेलं होतं. आता यांच्यापुढे रजेचा विषय काढायचा? काय म्हणतील ते ठाऊकच आहे, मग उगाच कशाला वाकड्यात शिरा? तो तसाच खाली उतरला. कुलरचं पाणी प्यायला आणि रणजीतकडे आला.

"नाही म्हणाले रे. ऑडिट होईपर्यंत कुणालाच नाही."

रणजीतने मान हलवली. मग म्हणाला, "ठीक आहे सर. तुम्ही माझ्यासाठी वर गेलात, तेच खूप झालं."

शेखरने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या वेळी त्याला विशेष काही वाटलं नाही. उलट एक अवघड काम निभावल्यासारखं हलकं वाटलं.

ऑडिटच्या दिवशी दुपारी रणजीतचा फोन वाजू लागला. शॉप फ्लोअरवर फोन काढायला मनाई होती, म्हणून तो खांबाआड जाऊन बोलला. परत आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं.

"सर, तिला ताथवड्याच्या हॉस्पिटलात नेलंय. बाळाचे ठोके कमी होतायत म्हणे. ऑपरेशन करायचं ठरतंय. सर, ती मला बोलावतीये."

पाहुणे शेजारच्या लाइनवर होते. पांढऱ्या हेल्मेटांचा घोळका हळूहळू इकडेच सरकत होता, आणि त्यांच्यामागून दिग्विजय सर चालले होते. शेखरने त्या घोळक्याकडे पाहिलं, रणजीतकडे पाहिलं.

"एवढी तुझ्या स्टेशनची पाहणी होऊ दे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आता आलेच ते. झालं की लगेच नीघ. मी आहे ना."

रणजीत थांबला. पाहुण्यांनी विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची त्याने नीट उत्तरं दिली. हात त्याने पाठीमागे धरले होते. पाहुणे पुढे गेले, पण पुन्हा त्याच्या मशिनचं काहीतरी निघालं आणि त्याला परत बोलावलं गेलं. सुटला तेव्हा शिफ्टही सुटलेली होती आणि चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगा लागल्या होत्या. तो हॉस्पिटलात पोहोचला तेव्हा सगळं उरकलेलं होतं. ऑपरेशनच्या कागदावर सही सयाजीरावांनी केली होती. मुलगी झाली होती, आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. दिपाली भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"कवाच्यान् वाट बघतोय आमी," सयाजीराव बाकावरून न उठताच म्हणाले. "चाकण काय अमेरिकेत हाय का?"

तेव्हा रणजीतने खोटं सांगितलं. साहेब जा म्हणत होते, पण माझ्याशिवाय ऑडिट अडलं असतं, म्हणून मीच थांबलो. सासऱ्यापुढे, 'मला सोडलं नाही' हे शब्द त्याच्या तोंडून निघेनात. ज्या नोकरीसाठी आपण त्यांच्या खोल्या सांभाळायला नकार देतो, त्या नोकरीत आपल्याला एवढीही किंमत नाही, हे कसं सांगायचं?

पोरगी पेटीतून बाहेर आली, दिपालीलाही घरी सोडलं. आणि मग कंपनीची सूचना सगळ्यांच्या मोबाइलवर आली. मागणी घसरल्यामुळे पुढचा आठवडा प्लांट बंद राहील; स्टाफचे ते दिवस हक्काच्या रजेतून वळते केले जातील. कुणाला विचारलं नव्हतं, विचारतील अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. रणजीतने बाळासाठी वर्षभर राखून ठेवलेली रजा अशी गेली. ती नको होती तेव्हा मिळाली. तो माणला जाऊन राहिला. सयाजीरावांना वाटलं, साहेबांनी जावयाला खास सुट्टी दिली. रणजीतने तेही तसंच राहू दिलं.

त्याच आठवड्यात बारसं ठेवलं. रणजीतने फोन करून शेखरला बोलावलं. नाही म्हणायला काही कारण नव्हतं. प्लांट बंद होता. शेखर आणि त्याची बायको विजयश्री संत तुकाराम नगरहून गाडी काढून माणला गेले. विजयश्री शाळेत शिकवायची. तिला रविवारची सुट्टी, शेखरला गुरुवारची, त्यामुळे दोघं मिळून कुठे जाणं वर्षाकाठी क्वचितच व्हायचं. ती खुशीत होती. मुलीसाठी तिने स्वतः निवडून झबलं-टोपडं घेतलं होतं.

बंगल्यापुढे मांडव घातला होता. समोरच आयटी कंपनीची काचेची इमारत, तिच्या काचांत मांडवाची झालर हलताना दिसत होती. बायका आतल्या खोलीत पाळण्याभोवती जमल्या, पुरुष बाहेर खुर्च्यांवर. शेखर आल्याचं कळताच सयाजीराव स्वतः पुढे झाले. त्याला सगळ्यांच्या पुढच्या खुर्चीवर बसवलं. आतून ताट आलं. त्यात टॉवेल, टोपी, नारळ.

"अहो, हे कशाला," शेखर म्हणाला.

"कशाला म्हंजी? तुमी आमच्या जावयाचं सायेब." सयाजीरावांनी आपल्या हाताने त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, गळ्यात टॉवेल घातला. मग भाऊबंदांकडे वळून मोठ्यांदा म्हणाले, "लई मोठ्या मनाचा माणूस हाय. पोरगी अडली व्हती, तवा ह्यांनी सवता सांगितलं, जा म्हणून. पर आमचं जावईबापू! कामाम्होरं बायकू दिसंना त्यास्नी. आता बारशाला बी आठवडाभर सोडलंय. सायेब, खरं का न्हाई? तुमीच सांगा समद्यास्नी. तुमी जा म्हनाला व्हता का न्हाई?"

मांडवातले सगळे शेखरकडे बघू लागले. रणजीत पाण्याचे ग्लास असलेलं ताट घेऊन उभा होता. त्याने शेखरकडे पाहिलं नाही. ताटाकडे पाहत राहिला. आतल्या खोलीतला पाळणा त्याच सुमारास थांबला होता. उंबऱ्याच्या आत बायका घुगऱ्या वाटत होत्या, त्यांचंही बोलणं थांबलं.

शेखर हसला. "म्हणालो होतो की," तो म्हणाला. "पण हा ऐकतो कुठे? कामाचं वेड आहे त्याला. मी तर रागावलोसुद्धा होतो."

सगळे हसले. सयाजीरावांनी जावयाच्या पाठीत प्रेमाने गुद्दा घातला. रणजीतही हसल्यासारखं करून पाणी वाटायला पुढे गेला.

परतताना विजयश्री खिडकीबाहेर बघत होती. भूमकर चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "तुम्ही तर मला सांगितलं होतं, वरून नाही म्हणाले म्हणून."

"हो, मग? तिथे चारचौघांत काय सांगणार? त्याने घरी वेगळं सांगितलं होतं. मी त्याची लाज राखली."

"त्याची?"

शेखर सिग्नलकडे बघत राहिला.

"दिपाली पाळण्याची दोरी धरून बसली होती," विजयश्री म्हणाली. "आधी तिला शंका होती. माझ्याशी बोलली ती. म्हणाली, काकू, खरंच थांबले असतील का हो हे आपणहून? मला तसं वाटत नाही. आणि तेवढ्यात बाहेरून तुमचा आवाज आला. तिने दोरी सोडून दिली. मग आपण निघेपर्यंत तिने मान वर केली नाही."

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजले. शेखरच्या गळ्यात अजून तो टॉवेल होता. तो त्याने एका हाताने काढला आणि मागच्या सीटवर टाकला.

प्लांट पुन्हा सुरू झाला. सव्वा महिना झाला, तरी दिपाली सासरी, म्हणजे चाकणच्या खोलीवर, आली नाही. रणजीत काही बोलला नाही, पण खंडूकडून कळलं. ती म्हणते, ज्याला कामापुढे मी दिसले नाही, त्याच्याकडे कशाला येऊ? माझ्या पोरीला इथं माणसं तरी आहेत. फोन केला तर दोन शब्द बोलते आणि मुलगी रडतेय म्हणून ठेवते. रणजीत आता दोन्ही वेळचं कॅन्टीनमध्येच जेवायचा. काम चोख करायचा. रजा मात्र त्याने परत मागितली नाही. मागायला शिल्लकही नव्हती.

शेखर त्याच्या नजरेला नजर देणं टाळू लागला. लाइनवर फेरी मारताना त्याच्या स्टेशनपाशी पाय आपोआप भरभर पडायचे. तो स्वतःची समजूत घालायचा. मी गेलो असतो वर, तरी सर नाहीच म्हणाले असते. कंपनीच तशी आहे. मी काय करणार? दिवसातून कितीतरी वेळा तो स्वतःला हे सांगायचा, आणि प्रत्येक वेळी कठड्याचं थंड लोखंड हाताला लागल्यासारखं वाटायचं.

मग एक दिवस नेहाने रजा मागितली. नेहा क्वालिटीतली नवी मुलगी, तिच्या भावाचा साखरपुडा होता. शेखरच्या तोंडून सवयीने निघालं, "वर विचारून सांगतो." या वेळी मात्र तो जिना पुरा चढला. दार ढकलून आत गेला.

दिग्विजय सर काहीतरी वाचत होते. शेखरने सांगितलं. त्यांनी मान वर न करताच म्हटलं, "घेऊ दे की."

शेखर उभाच राहिला.

"अजून काय?"

"नाही सर, रजेसाठी तुम्हाला..."

"अरे, एवढ्यासाठी जिना चढून आलास? हे तुझं तू बघायचं. शटडाऊन मी ठरवतो, बाकी तुझ्या विभागात कोण कधी जातो ते मी कशाला बघू?"

शेखर म्हणाला, "सर, ऑडिटच्या वेळी रणजीतने मागितली होती. बायको बाळंत होणार होती त्याची."

"कोण रणजीत?" सर म्हणाले. मग आठवून, "तो असेंब्लीतला? चांगलं बोलला होता ऑडिटला. मग? सोडायचं ना त्याला. बाळंतपण काय, पुन्हा येतं का?"

त्या दिवशी ते हेच म्हणाले असते का, कुणास ठाऊक. आता काम हलकं होतं, पाहुणे खूश होऊन गेले होते, आता असं म्हणायला काही लागत नव्हतं. त्या दिवशी कदाचित त्यांनी शेखरपुढेही टेबलावर हात आपटला असता. पण ते आता कधीच कळणार नव्हतं, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. शेखर सावकाश जिना उतरला. आपण रणजीतला नाकारलं ते कंपनीच्या भीतीने, असं त्याने आजवर धरलं होतं. पण कंपनीने तर त्या वेळी काही म्हटलंच नव्हतं. कंपनीच्या नावाने जे काही बोलला, ते तो एकटा बोलला होता.

चहाच्या सुट्टीत तो कॅन्टीनमध्ये रणजीतसमोर जाऊन बसला.

"रणजीत, मी त्या दिवशी वर गेलो नव्हतो."

"कुठल्या दिवशी सर?"

"तू रजा मागितलीस तेव्हा. अर्ध्या जिन्यातून परत आलो. सरांना विचारलंच नाही."

रणजीतने कप खाली ठेवला. आजूबाजूला पोरं मोठमोठ्यांदा क्रिकेटवर बोलत होती.

"मी रोज त्या दिग्विजय सरांना शिव्या घालायचो," तो म्हणाला. "मनात. रोज. आणि तुमच्याबद्दल वाटायचं, की बिचाऱ्यांनी आपल्यासाठी शब्द टाकला. म्हणून तर घरी खोटं बोलताना तुमचं नाव चांगलं ठेवलं मी."

"मी माणला जातो. दिपालीला सांगतो सगळं."

रणजीत हसला, पण त्यात हसू नव्हतं. "काय सांगणार? सांगितलंत तर सासऱ्यापुढे मी खोटा ठरतो. नाही सांगितलंत तर बायकोपुढे नालायक. त्यातलं कुठलं बरं, ते तुम्हीच ठरवा सर. आमचं सगळं तुम्हीच तर ठरवता."

तो उठून गेला. कपात अर्धा चहा तसाच होता.

गुरुवारी विजयश्री शाळेत गेल्यावर शेखर एकटाच माणला गेला. मांडव उतरला होता. अंगणात दुर्गाबाई, दिपालीची आई, बाळाची दुपटी वाळत घालत होती. "या, या सायेब," म्हणून तिने लगबगीने खुर्ची मांडली आणि चहा ठेवायला आत गेली. सयाजीराव बाहेर आले. शेखर बसला नाही. उभ्या-उभ्याच त्याने सांगितलं. रणजीतने रजा आधीच मागितली होती. ऑपरेशनच्या दिवशीही विचारलं होतं. दोन्ही वेळा आपण त्याला थांबवलं. वरच्यांना विचारलं नाही. आणि बारशाला आपण जे बोललो ते खोटं होतं.

सयाजीरावांना आधी नीट उमगलंच नाही. मग त्यांचा चेहरा हळूहळू तांबडा होत गेला.

"म्हंजी आमच्या जावयाला बायकूजवळ याया तुमची परवानगी लागती? आन् ती तुमी दिली न्हाई?"

"नाही दिली."

"आन् मग माझ्या हातची टोपी घालून घेतली, व्हय? भाऊबंदांच्या म्होरं?"

शेखरने मान खाली घातली. फरशीवर लहान मुलाच्या तेलाचा एक गोल डाग पडला होता. तो त्याकडेच बघत राहिला. "हो," म्हणाला.

"आन् ह्यो बी कसला गडी! लाज न्हाई वाटली त्येला? नोकरीपायी तोंड शिवून..."

"अण्णा, थांबा." दिपाली दारात आली होती. मुलगी तिच्या खांद्यावर होती. ती आतून सगळं ऐकत असावी. "सर, त्यांनी खरंच मागितली होती?"

"आठवडाभर आधी. म्हणाला, माझ्या जागी खंडूला तयार करून ठेवलंय."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी म्हणाला, सर, ती मला बोलावतीये."

दिपाली दारातल्या पायरीवर बसली. मुलीच्या पाठीवरून तिचा हात फिरत होता, तो थांबला. डोळ्यांतलं पाणी तिने पुसलं नाही.

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"लाज वाटली असेल," शेखर म्हणाला.

"त्यांना? त्यांना कशाची लाज?"

दुर्गाबाई चहा घेऊन आली होती. तिला आतून काही ऐकू आलं होतं की नाही, कळेना. पण तिने कप शेखरच्या हातात दिला नाही, शेजारच्या कट्ट्यावर ठेवला आणि पदराला हात पुसत उभी राहिली.

"दिपाली, मला माफ कर," शेखर म्हणाला.

ती शांतपणे, शब्द निवडून बोलली. "सर, तुम्ही इथपर्यंत आलात, ते बरं केलंत. पण मला तुम्हाला काही म्हणता येत नाही. रागावताही येत नाही. उद्या मुलीचं काही दुखलं-खुपलं तर त्यांना परत तुमच्याचकडे रजा मागायची आहे."

शेखरने हात जोडले. त्याला फाटकापर्यंत पोहोचवायला कुणी आलं नाही. चहा कट्ट्यावर तसाच राहिला.

संध्याकाळी त्याने विजयश्रीला सगळं सांगितलं, जिन्याचंही. ती वह्या तपासत होती. हातातलं लाल पेन तिने बाजूला ठेवलं.

"माझे बाबा आजारी होते तेव्हा," ती म्हणाली, "तुम्ही शेवटी तेराव्याला आलात. तेव्हाही वरून नाही म्हणाले, असंच सांगितलं होतंत मला. तेव्हा तरी विचारलं होतंत?"

शेखरला आठवून पाहावं लागलं. आणि आठवून पाहावं लागतंय, हे तिला दिसलं. तिने पुन्हा पेन उचललं.

दिपाली त्याच आठवड्यात मुलीला घेऊन चाकणच्या खोलीवर आली. सयाजीराव सोडायला आले नाहीत. जावयाशी ते पुढे किती तरी दिवस बोलत नव्हते. रणजीतने कंपनीत यातलं काही सांगितलं नाही, पण दुपारच्या सुट्टीत तो डबा उघडताना दिसू लागला. शेखरने आपल्या परीने जे करता येईल ते केलं. रजेचा अर्ज आला की कारण न विचारता मंजूर करायचा, वर काही लागलं तर वर जायचा. एक-दोनदा त्याने सरांचं ऐकूनही घेतलं. पोरं म्हणत, भोईटे सर आता रजा पटकन देतात, भला माणूस. ते ऐकलं की तो तिथून उठून जायचा.

दिवाळीनंतर रणजीतने राजीनामा दिला. त्याला तळेगावच्या एका कंपनीत जागा मिळाली होती. शेवटच्या दिवशी तो सगळ्यांना भेटत भेटत शेखरच्या टेबलापाशी आला. दोघांनी हात मिळवला. शेखरने विचारलं, "तिकडे रजेचं कसं आहे?"

"मुलाखतीतच विचारलं मी या वेळी," रणजीत म्हणाला. "म्हणाले, भरपूर आहेत. कधी घ्यायच्या, ते तुमच्या साहेबावर असतं."

"मग?"

"मग काही नाही. साहेब कसा आहे ते बघायचं." त्याने खांद्यावरची बॅग सावरली. "येतो सर."

आणि तो कंपनीच्या बसकडे निघून गेला.